पल्ला लांबला की टाळ्या थांबतात

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. सकाळचे सात वाजून गेले होते. पौडच्या बाजारपेठेलगत एका चहाच्या टपरीवर मी कापडी पिशवी घेऊन उभा होतो. पिशवीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, गुळाचे खडे आणि लिंबू सरबताच्या दोन बाटल्या असा सरंजाम होता. थोड्याच वेळात माझी पुतणी पुण्याच्या बाजूने धावत आली. तिच्या मागोमाग बैलगाडीच्या वेगाने स्कूटर चालवीत तिचा नवरा. पुतणी पहाटे चारला कोथरूडहून निघाली होती. तिने उभ्या उभ्या दोन बटाटे खाल्ले, सरबत घेतले, "काका, येते हं," म्हणाली आणि मुळशी धरणाच्या रस्त्याला लागली. स्कूटरही गेली.

टपरीवाला हा सारा प्रकार दूध उतू जाईल याची पर्वा न करता पाहत होता.

"सायेब, ताई कुठनं आल्या?"

"कोथरूडहून."

"पळत?"

"हो."

"आन् गाडी तर चालू हाय की!"

"गाडी चालू आहे."

"मग भांडण झालंय व्हय?"

मी त्याला समजावून सांगितले की भांडण वगैरे काही नाही, तिला पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत धावायचे आहे आणि हा त्याचा सराव आहे. त्याने विचारले, पहिला नंबर आला तर किती मिळतात? मी म्हणालो, पहिला नंबर येणार नाही, आणि आला तरी फारसे काही मिळत नाही. "असं व्हय," एवढेच म्हणून तो दुधाकडे वळला.

त्याच्या त्या "असं व्हय"मध्ये जे होते, तेच पुढे मी पुण्यातल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतूनही ऐकले. पुतणीने ती शर्यत पूर्ण केली. वेळ लागला सात तास चाळीस मिनिटे. ती एक्केचाळीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, घरी दोन मुले आहेत. दिवाळीनंतर आमचा सगळा गोतावळा जमला होता, तेव्हा तिच्या या पराक्रमाचा विषय निघाला. कोणी विचारले, "मग, कितवी आलीस?" कोणी हिशेब केला, "एवढ्या वेळात एसटी कोल्हापूरला पोचते." एका वडीलधाऱ्या बाईंनी गुडघ्यांची काळजी व्यक्त केली आणि दुसऱ्यांनी मुलांची. त्याच दिवाणखान्यात माझ्या धाकट्या पुतण्याचा दहा किलोमीटरच्या शर्यतीतला फोटो चौकटीत लावलेला आहे. त्याच्याखाली पदक लटकते. त्या फोटोबद्दल कोणी कधी गुडघ्यांची चौकशी केल्याचे मला आठवत नाही. पुतण्याचे कौतुक झाले याचे मला वाईट वाटत नाही. पण दहाला टाळ्या आणि पन्नासला काळजी, हा हिशेब माझ्यासारख्या जन्मभर आकडेमोड केलेल्या माणसाला काही केल्या जुळवता येईना.

पुण्यात मॅरेथॉन म्हणजे काय हे आता सांगावे लागत नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली तेव्हापासून रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यांना टाळ्या वाजवायची सवय या शहराला लागली. ट्रॅकवरचे यशही आपण मनापासून साजरे केले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरचे ब्राँझपदक मिळवले. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. त्याच शर्यतीत बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्यपदक पटकावले. या तिघांची नावे घराघरांत माहीत आहेत आणि ती तशी असायलाच हवीत.

आता दुसरे एक नाव घेतो. जुलै २०२२ मध्ये बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियममध्ये आशिया-ओशिॲनिया विभागाची चोवीस तासांची धावण्याची स्पर्धा झाली. चोवीस तासांत जो जास्त अंतर कापेल तो जिंकला, असा तिचा साधा नियम. भारतीय पुरुष संघाने तिथे सुवर्णपदक मिळवले आणि अमरसिंग देवंदा या धावपटूने एका दिवस-रात्रीत अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापले. अडीचशे किलोमीटर म्हणजे पुण्याहून कोल्हापूर मागे टाकून आणखी पुढे. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? मीही पुतणीच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकले. आपल्या पुण्याच्याच आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ पासून २६ जानेवारी २०२२ पर्यंत साठ दिवस रोज एक पूर्ण मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला. त्याच्या बातम्या आल्या, नाही असे नाही. पण त्या 'अजब' या सदरात मोडाव्यात अशा सुरात आल्या, आणि अजब वाटलेल्या गोष्टीचे आपण कौतुक करतो तेव्हा त्यात आदर थोडाच असतो.

बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर या मॅरेथॉनच्या अंतरापेक्षा लांब शर्यतीला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. जणू बेचाळीसपर्यंत शौर्य असते आणि त्रेचाळीसाव्या किलोमीटरपासून वेडेपणा सुरू होतो. ही सीमारेषा कोणी आखली? १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपवायची ठरली, तेव्हा हे अंतर भरले. १९२१ साली तेच कायमचे झाले. त्याआधी १८९६ साली अथेन्सला पहिली मॅरेथॉन झाली ती सुमारे चाळीस किलोमीटरची होती. म्हणजे ज्या आकड्यापुढे आपण हात जोडतो त्याच्या मुळाशी राजघराण्याची सोय आहे.

त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. मॅरेथॉनची कथा आपण शाळेत वाचली. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर ग्रीकांनी इराण्यांना हरवले, एक जासूद अथेन्सपर्यंत धावत आला, विजयाची वार्ता सांगितली आणि त्याने प्राण सोडला. पण त्या युद्धानंतर काही दशकांतच इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथात ही धाव नाहीच. त्याने लिहिले आहे ते असे, की युद्धाआधी फिडिपिडीस नावाचा जासूद मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथे पोचला. हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरातले आहे. प्राण सोडण्याची कथा पाच-सहाशे वर्षांनंतरच्या लेखकांनी सांगितली. लांब धावून कामगिरी पार पाडणारा आणि जिवंत राहणारा जासूद जगाच्या लक्षात राहिला नाही. छोटे अंतर धावून नाट्यमय रीतीने मेलेला राहिला. पुढे १९८२ साली ब्रिटिश हवाई दलातल्या काही जणांनी हिरोडोटसची कथा खरी असू शकते का हे पाहण्यासाठी ती वाट धावून काढली, आणि १९८३ पासून तिथे स्पार्टाथलॉन नावाची २४६ किलोमीटरची शर्यत होते. वेळेची मर्यादा छत्तीस तास. ती किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा दोष एकट्या पौडच्या टपरीवाल्याचा किंवा आमच्या नातेवाइकांचा नाही. खुद्द ऑलिंपिकनेही तेच केले. पायी पार करायची ऑलिंपिकमधली सर्वांत लांब शर्यत मॅरेथॉन नव्हती, पन्नास किलोमीटर चालण्याची होती. १९३२ पासून, १९७६ चा अपवाद वगळता, ती प्रत्येक ऑलिंपिकमध्ये झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ती शेवटची झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून गेली. ती फक्त पुरुषांची होती आणि स्त्री-पुरुषांना समान स्पर्धा द्यायच्या होत्या, हे कारण रास्तच. पण स्त्रियांसाठीही पन्नास किलोमीटर ठेवता आले असते. तसे झाले नाही. पावणेचार-चार तास चालणाऱ्या माणसांकडे पाहत बसायला दूरदर्शनच्या प्रेक्षकाला सवड नाही, हेही सर्वांना ठाऊक होते.

माझे एक स्नेही उत्तम क्रीडारसिक आहेत. त्यांच्याशी या विषयावर वाद घातला तेव्हा त्यांनी तीन मुद्दे मांडले, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला, शंभर मीटर जगातली सगळी पोरे धावतात, त्यांतून एक पहिला येतो. शंभर किलोमीटर मूठभर हौशी मंडळी धावतात, त्यांच्यातल्या पहिल्याचे मोल तेवढेच कसे? दुसरा, यातली पुष्कळ मंडळी सुखवस्तू आहेत. महागडे बूट, प्रवेशशुल्क, प्रवासाचा खर्च आणि रिकामा वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांचा हा छंद. तिसरा, यात जीव जातो. मे २०२१ मध्ये चीनच्या कान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत डोंगरावर अचानक गारठा आणि वादळ आले आणि एकवीस धावपटू दगावले.

तिन्ही मुद्दे खरे आहेत. वेगाला मान मिळतो तो वाजवीच आहे, ही माझी पहिली कबुली. कान्सूच्या दुर्घटनेनंतर अशा शर्यतींच्या आयोजकांना कडक प्रश्न विचारलेच पाहिजेत, ही दुसरी. पण स्पर्धक थोडे म्हणून मान कमी, हे आपण इतरत्र पाळत नाही. एव्हरेस्टवर तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली पोचले तेव्हा तिथे कुठे गर्दी होती? पैशाचे म्हणाल तर गोल्फ आणि मोटारशर्यती यांच्याइतका श्रीमंतांचा छंद दुसरा नसेल, त्यांच्या बातम्यांना मात्र आदराने जागा मिळते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे.

एक कारण सरळ आहे. जे डोळ्यांसमोर सुरू होऊन डोळ्यांसमोर संपते त्याला टाळी मिळते. आपल्या शेजारच्याच मुलखात सिंहगड, राजगड, तोरणा या डोंगरवाटांवर शंभर किलोमीटरपर्यंतची शर्यत होते. त्यातला धावणारा रात्रीच्या अंधारात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, कारवीच्या जाळीतून एकटा जात असतो. त्याला पाहायला कोण जाणार? उलट पाहायची सोय झाली तेव्हा लोक आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांच्या शर्यती भरत. सोमवारी सुरू व्हायच्या आणि शनिवारी संपायच्या, कारण रविवारी देवाचा दिवस. बंदिस्त सभागृहात गोल फेऱ्या मारणाऱ्या माणसांना पाहायला हजारो लोक तिकीट काढून येत, पैजा लावत, रात्रभर थांबत. पुढे सायकलच्या शर्यती आल्या आणि गर्दी तिकडे गेली. म्हणजे लांब पल्ल्यात पाहण्यासारखे काही नसते हे खरे नाही.

पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. दुसरे कारण मला स्वतःच्या वागण्यात सापडले, आणि ते सांगताना थोडी लाज वाटते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस माझी बदली मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या शाखेत झाली होती. तिथे एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचे घर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत होते. मूळ गाव केव्हाच पाण्याखाली गेले होते. वाडीवर एसटी नव्हती. मामा दहा किलोमीटर चालत शाखेत येत आणि दहा किलोमीटर चालत घरी जात. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर डोक्यावर इरले, पायात कधी चपला, कधी त्या हातात. पावसात एखादा ओढा चढला की मामांना वरून वळसा घालावा लागे आणि ते उशिरा पोचत. मस्टर माझ्या ताब्यात असे. मी नियमाप्रमाणे लाल शाईने लेटमार्क करीत असे, आणि तीन लेटमार्क झाले की रजा कापत असे. मामांनी एकदाही तक्रार केली नाही. भिजलेली टोपी खुंटीला लावून ते काउंटर पुसायला घेत.

त्याच शाखेत खेळाडूंच्या कोट्यातून आलेला एक तरुण कारकून होता. बँकेच्या विभागीय क्रीडास्पर्धेत शंभर मीटरमध्ये त्याचा तिसरा क्रमांक आला. मी स्वतः पुढाकार घेऊन त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पेढे, फोटो, सगळे केले. चहाचे कप अर्थातच मामांनी फिरवले.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी मी कागदावर हिशेब मांडला. रोज वीस किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस दोनशे ऐंशी धरले तर वर्षाला ५,६०० किलोमीटर. मामांची त्या शाखेतली नोकरी बावीस वर्षांची. एकूण १,२३,२०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि मी त्याची नोंद लाल शाईने उशीर म्हणून केली होती.

म्हणून मला असे वाटते की लांब पल्ल्याला आपण मान देत नाही याचे खरे कारण क्रीडेत नाही. वेग आपल्याला दैवी देणगी वाटते. सहनशक्ती मात्र कष्टकऱ्याच्या आणि बायकांच्या वाट्याला आलेली सक्ती वाटते. जे काम गरिबाला रोज करावे लागते ते कोणी आपखुशीने केले तर आपल्याला हसू येते. "गाडी असून पळते" यातले आश्चर्य तेच आहे. पाय झिजवणे ही ज्याच्याकडे गाडी नाही त्याची गोष्ट, असे आपण मनात पक्के केले आहे. तिचा सन्मान करायचा तर आधी मामांचा करावा लागेल, आणि ते आपल्याला सुचलेले नाही.

इथे कोणी म्हणेल, महाराष्ट्राइतका लांब चालण्याचा मान कुठे आहे? आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर लाखो माणसे चालत जातात आणि आपण त्यांच्या पाया पडतो. खरेच आहे. पण आपण पाया पडतो ते विठ्ठलाच्या नात्याने. तोच वारकरी कार्तिकातल्या एखाद्या मंगळवारी, पालखीशिवाय, रोजगारासाठी तेवढाच चालला तर त्याला पाणी कोण विचारतो? वारीत मान भक्तीला आहे, चालणाऱ्या पायांना तो तिच्यामुळे मिळतो. यात वारीला उणेपणा नाही. पण वारी आहे म्हणून आपल्याला लांब पल्ल्याची कदर आहे, हे म्हणणे पटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी ती कदर करण्याची एक संधी आली होती. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकरी तरुण अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. हे लोक जगाच्या तोडीचे आहेत असे त्यांना वाटले, आणि त्यांच्या प्रयत्नांतून व पैशांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले एकोणिसावे आले. आज बेळगाव-पुण्याबाहेर त्यांचे नाव किती जणांना माहीत असेल?

आणि त्याच सुमारास, टाटांच्याच वीज कंपनीच्या धरणाचे काम इथे मुळशीत, मुळा आणि निळा यांच्या संगमाशी सुरू झाले होते. ज्या जातीच्या मावळी शेतकऱ्यांचे पाय पाहून दोराबजी थक्क झाले होते, तशाच शेतकऱ्यांची पन्नासच्या आसपास गावे आणि भाताची खाचरे त्या पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. जगातला धरणाविरुद्धचा पहिला लढा म्हणून अभ्यासक त्याची नोंद घेतात. माणसे तुरुंगात गेली, पुन्हा आली, पुन्हा बसली. अखेर धरण झाले. वीज हवी होती हेही खरे, आणि टाटांनी ऑलिंपिकसाठी केले तेही खरे. दोन्ही एकाच काळातले आहे एवढेच मी सांगतो. तीन वर्षे टिकलेल्या त्या लढ्याला शेवटी तोडायला फीत नव्हती, म्हणून तोही आपल्या स्मरणातून ओसरला. मामांचे आजोबा त्या पिढीतले.

नेमके त्याच १९२१ साली, २४ मे रोजी, दक्षिण आफ्रिकेत एक शर्यत सुरू झाली. व्हिक क्लॅपम नावाचा एक रेल्वे इंजिनचालक पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढून आला होता. हजारो मैल पायपीट करताना त्याचे सोबती वाटेत गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ पीटरमॅरित्झबर्गहून डर्बनपर्यंत, सुमारे नव्वद किलोमीटर धावायचे, अशी त्याची कल्पना. पहिल्या वर्षी चौतीस जण निघाले, सोळा पोचले. तीच आज कॉम्रेड्स मॅरेथॉन म्हणून ओळखली जाते. आता तिथे हजारोंनी लोक धावतात, त्यांत आपल्याकडचेही अनेक असतात. ती दिवसभर दूरचित्रवाणीवर दाखवली जाते. तिचा इतिहास निर्मळ नाही. काळ्या धावपटूंना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. पण तिची एक प्रथा मला फार मोलाची वाटते. बारा तास पुरे झाले की अंतिम रेषेवर एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो, म्हणजे समोरून येणाऱ्याचा चेहरा पाहून त्याचे मन द्रवू नये. त्या शेवटच्या काही मिनिटांत सारे स्टेडियम उभे असते. पहिला आलेला केव्हाच अंघोळ करून बसलेला असतो, आणि टाळ्या मात्र लंगडत येणाऱ्यासाठी पडत असतात.

म्हणजे लांब पल्ल्याचा मान करणे माणसाच्या स्वभावात नाही, असे नाही. तिथे आधी पायपीट केलेल्यांची आठवण झाली आणि त्या आठवणीतून शर्यत उभी राहिली. आपण ती आठवण ठेवली नाही. आपल्याकडे डाक वाहणारे हरकारे होते, गडावर दूध घेऊन चढणाऱ्या गवळणी होत्या, मैलोन् मैल पाणी आणणाऱ्या बायका तर अजून आहेत. बायकांचा उल्लेख मुद्दाम केला. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये २६८ मैलांची एक हिवाळी शर्यत जॅस्मिन पॅरिस नावाच्या पशुवैद्य बाईने जिंकली. सर्व पुरुषांना मागे टाकून आणि आधीचा विक्रम बारा तासांनी मोडून. तिची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर ती तिच्यासाठी दूध काढून ठेवीत होती. घरोघरच्या वाचक भगिनींना यात नवल वाटायचे कारण नाही. रात्रभर जागून सकाळी पुन्हा कामाला लागणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको.

मला अल्ट्रा मॅरेथॉनला सरकारी पुरस्कार हवेत असे म्हणायचे नाही, आणि सगळ्यांनी उठून शंभर किलोमीटर धावावे असे तर मुळीच नाही. मागणे लहान आहे. गावोगाव आता शर्यती भरतात. पहिले तीन आले की मांडव सुटतो, पाहुणे जातात, ध्वनिक्षेपक बंद होतो. शेवटचा माणूस पोचेपर्यंत तो मांडव राहू द्यावा. आणि घरात कोणी सात तास चाळीस मिनिटे धावून आले, तर कितवी आलीस हे विचारण्याआधी, वाटेत रात्र कशी गेली हे विचारावे.

माझ्यापुरते मी एक केले. गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन मामांच्या वाडीवर गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ओटीवर बसले होते, खाली धरणाचे पाणी दिसत होते. पुतणीने वाकून नमस्कार केला. मी खिशातून कागद काढला आणि सगळा हिशेब वाचून दाखवला. वीस गुणिले दोनशे ऐंशी गुणिले बावीस. पृथ्वीला तीन प्रदक्षिणा. लेटमार्कबद्दलही बोललो. मामांनी ते हाताने उडवून लावले. कागद मात्र मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले,

"सायेब, घरी येताना चढ हाय. त्यो धरला का?"

धरला नव्हता.